दोघेही शहाणे निघाले

सिपोराबाई पोयनाडकरांना राजे आवडत नसत. हयात असलेल्या राजांशी त्यांची ओळख नव्हती, त्यामुळे सगळा राग तीन हजार वर्षांपूर्वीच्या इस्रायलाच्या राजांवर निघे. पनवेलच्या इस्रायल आळीत, आपल्या ओटीवर तांदूळ निवडता निवडता त्या शौल, दाविद आणि शलमोन यांचा असा काही समाचार घेत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिघं मागच्याच गल्लीत राहतात आणि आज सकाळी विहिरीवर भांडून गेलेत.

"शौल बापाची हरवलेली गाढवं शोधाया निगाला आनि राज्य घेऊन घरी आला," त्या म्हणत. "गाढवं गावली ती दुसऱ्यालाच. ज्याला गाढवं गावली नाय तो मानसं काय सांबाळनार?" दाविदावर त्यांचा थोडा जीव होता. त्याने आपल्याच शिपायाची बायको पळवली, शिपायाला लढाईत पुढे घालून मारला, हे सगळं त्यांना मान्य होतं. "पन नाथान संदेष्ट्यानं बोट दाखवल्यावर 'मी चुकलो' म्हनाला. राजा असून म्हनाला. आपल्या आळीत तसा एक पुरुष दाखवा." आळीतले पुरुष समोर असले तर खाली बघत. शलमोनाचा नातू-पणतू सोडा, मुलगा रहबाम गादीवर बसल्या बसल्या राज्याचे दोन तुकडे झाले. पोथी म्हणते, त्याने म्हाताऱ्यांचं ऐकलं नाही, पोरांचं ऐकलं. सिपोराबाई म्हणत, "त्या म्हाताऱ्यांनी शलमोनाला चाळीस वर्सं का नाय सांगितलं? तवा बसले गप, आनि बाप मेल्यावर पोराला शिकवाया आले."

हे ज्ञान त्यांनी शाळेत मिळवलेलं नव्हतं. त्या शाळेत गेल्याच नव्हत्या. पोयनाडकडच्या एका तेल्याच्या घरातून तेराव्या वर्षी त्या पनवेलला नांदायला आल्या. बेने इस्रायली तेली शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणत. नवरा इसाकजी मात्र घाण्यावर नव्हता. तो गाडीची चाकं करी. पनवेलच्या चाकांना तेव्हा घाटावरून मागणी होती, आणि इसाकजीचं चाक दहा वर्षं कुरकुरत नाही असं गाडीवाले म्हणत. दिवसभर तो बाभळीच्या लाकडात मान घालून बसलेला असे, आणि सणावाराला डोक्याला रुमाल बांधून कीर्तनाला उभा राही. कीर्तन अगदी आपलं मराठी, टाळ, पेटी, साकी, दिंडी सगळं जिथल्या तिथे. फक्त आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं किंवा राजांचं. ते होई प्रार्थनास्थळाच्या अंगणात. त्याला आळीतले लोक मशीदच म्हणत, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

सिपोराबाई बायकांच्या बाजूला, अगदी पुढे बसत. मांडीवर आलं-मिऱ्याच्या काढ्याचा तांब्या फडक्यात गुंडाळलेला असे. नवऱ्याचा आवाज कुठे बसतो ते त्यांना पाठ होतं, त्याच्या आधी दोन ओळी तांब्या पुढे जाई.

इसाकजीचं सगळ्यात गाजलेलं आख्यान म्हणजे शलमोनाचा निवाडा. दोन बायका, एक तान्हं मूल. एकीचं रात्रीत दगावलेलं, आणि दोघीही जिवंत मुलावर हक्क सांगताहेत. राजा म्हणतो, तलवार आणा, पोर मधोमध चिरा, अर्धं हिला द्या, अर्धं तिला. एक म्हणते, "चिरा." दुसरी ओरडते, "नको, तिलाच द्या, पण मारू नका." राजा ओळखतो की ही ओरडणारी खरी आई. इथे इसाकजी हात वर नेऊन इतका वेळ थांबे, की बायकांच्या बाजूला कुणीतरी हमखास हुंदका देई. मग पेटीवाला एलोजी स्वर धरी आणि अख्खं अंगण शलमोनाच्या शहाणपणाचा गजर करी.

सिपोराबाईंचं पहिलं मूल मुलगी होती. तिचं नाव शकू ठेवलं होतं, अकरा दिवस जगली. त्या वर्षी खिरीच्या सणाला इसाकजीने तेच आख्यान लावलं. घरी आल्यावर, जेवताना, सिपोराबाईंनी विचारलं, "ती दुसरी बाई पुढं कुटं गेली?"

"कोण दुसरी?"

"जिचं पोर मेलं होतं ती. 'चिरा' म्हनाली ती."

इसाकजीने घास आमटीत बुडवला. मग म्हणाला, "ते पोथीत नाही."

"राजा येवढा शानां, त्याला दिसलं नाय का तिचं पोर मेलंय ते? तिला कुनी दोन शबुद बोललं का?"

"ती खोटं बोलली होती ना पण."

"पोर मेल्यावर मानूस खरं काय बोलनार?" सिपोराबाई म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीकडे गेल्या. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी हे आख्यान दरसाल ऐकलं आणि दरसाल घरी येऊन तोच प्रश्न विचारला. इसाकजी मरेपर्यंत उत्तर देऊ शकला नाही. शेवटच्या दुखण्यात म्हणाला होता, "वर गेल्यावर विचारून ठेवतो." तो गेला त्याला आता सात वर्षं झाली होती.

इसाकजीच्या मागे राहिले दोन मुलगे. थोरला शमुवेल, पनवेललाच, बापाच्या पडवीत बसून चाकं करणारा. चाकांचं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं, कारण रस्त्यावर आता ट्रक धावत होते. त्यामुळे तो खुर्च्या, पाट, पाळणे असं काहीबाही करी. धाकटा बिन्यामिन मुंबईला परळच्या एका वर्कशॉपात फिटर होता. त्याची बायको फ्लोरा माझगावची, इंग्रजी शाळेत शिकलेली, स्वभावाने गरीब, पण पनवेलला आली की तिला मोरीचा वास येई.

शमुवेलची बायको मिल्का. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

मिल्का चौदाव्या वर्षी या घरात आली, आणि पंधराव्या वर्षी सासूशी पहिलं भांडण झालं. ते अजून संपलं नव्हतं. मधे बावीस वर्षं गेली. आमटीत चिंच की कोकम, बिरडं किती मोड आल्यावर सोलायचं, शुक्रवारचा दिवा कोणत्या कोनाड्यात ठेवायचा, उशीचं तोंड कुठे असावं, सगळ्यावर दोघींचं दोन बाजूंना तोंड. शेजारच्या बायका घड्याळ नसलं तरी चालवून घेत. पोयनाडकरांकडे पहिला आवाज चढला की सकाळचे आठ, दुसरा चढला की मासळीची वेळ.

मासळीच्या वेळेचं भांडण तर नेमाचं. त्यांच्या धर्मात खवले असलेलाच मासा चालतो. खवले नाहीत ते निषिद्ध, मग ते कितीही ताजं असो. हौसा कोळीण पाटी घेऊन दारात आली की सिपोराबाई स्वतः प्रत्येक मासा अंगठ्याच्या नखाने उलटा खरवडून बघत. गेली चार-पाच वर्षं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बोटंही बधिर झाली होती. एकदा त्यांनी बिनखवल्याचा शिंगाळा हातात घेऊन "हाय, खवला हाय," म्हणून पास केला. हौसा हसली. मिल्का हसली नाही. त्या दिवसापासून मिल्का स्वतः मासा घेई, त्याचा एक खवला उपटी आणि सासूच्या तळहातावर ठेवी. "घ्या. बगा. पटलं? का अजून साक्षीदार आनू?" सिपोराबाई तो खवला बोटांत चोळत, उन्हाकडे धरत, काहीही दिसत नसताना बराच वेळ बघत, आणि म्हणत, "बारीक हाय." मग मिल्का म्हणे, "मासा बारीक हाय म्हनून खवला बारीक हाय." आणि भांडण सुरू होई.

सन पंचावन्नच्या उन्हाळ्यात बिन्यामिनने पनवेलला येऊन सांगितलं की त्याचं इस्रायलला जायचं नक्की झालं. कागद आले, दोन महिन्यांत विमान. हे ऐकून कोणाला धक्का बसला नाही. आळीतून दर महिन्याला कोणीतरी जात होतं. आपटेकर गेले, नागावकरांची दोन घरं गेली, रोह्याकडचे सगळे गेले. गेल्या शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष भरेपर्यंत साडेदहा वाजले होते, आणि दहाशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. सिपोराबाईंना आता निरोप द्यायचाही कंटाळा आला होता. कोणी पाया पडायला आलं की त्या पाय पुढे करत, डोक्यावर हात ठेवत, आणि तेच चार शब्द बोलत. कोणाला काय बोललो हे संध्याकाळी आठवत नसे.

धक्का बसला तो पुढच्या वाक्याचा. "मी आईला घेऊन जाणार," बिन्यामिन म्हणाला.

"आईला? या वयात?" शमुवेलने रंधा खाली ठेवला.

"का? तिला त्या मातीत डोळे मिटायला नकोत? जन्मभर त्याच राजांच्या गोष्टी ऐकल्या तिने."

"आणि थोरला असून मी आईला परक्या मुलखात पाठवली, असं आळी म्हणेल त्याचं काय?"

"परका मुलूख? दादा, तोंड सांभाळून बोल."

असं ते वाढत गेलं. पंधरा दिवस वाढत होतं. बिन्यामिन रविवारी येई आणि भांडून जाई. दोघांपैकी कोणीही वाईट नव्हतं, हे सिपोराबाईंना माहीत होतं. दोघेही दमलेले होते. शमुवेलला चाकांची चिंता, बिन्यामिनला जाण्याची. प्रत्येकाला आईबद्दल जे बोलायला हवं ते तो बोलत होता, आणि ओटीच्या कोपऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईला कोणी काही विचारत नव्हतं. तिलाही विचारायला हवं असं काही वाटेनासं झालं होतं. फक्त एकच गोष्ट तिला जाणून घ्यायची होती. दोघांपैकी कोणाला ती खरोखर हवी आहे? "आई" नव्हे, ही म्हातारी, रात्री तीनदा उठणारी, मोतीबिंदूवाली, गुडघ्यांपायी रडणारी. जो कोणी तसा असेल त्याच्याकडे ती मुकाट गेली असती, पनवेल असो की यरुशलेम.

शेवटी प्रकरण मुकादमाकडे गेलं. जमातीचे तंटे मुकादमाने सोडवायचे ही जुनी रीत, आणि मुकादम होता एलोजी, इसाकजीचा पेटीवाला. वय सत्तरीला आलेलं, दमा, आणि एकेक घर कमी होत चाललेली जमात. पूर्वी तंटे म्हणजे हद्दीचे, सोयरिकीचे. आता कोण जाणार, कोण राहणार, कोणाचं सामान कोणाच्या माळ्यावर, एवढंच. एलोजीने दोघा भावांचं म्हणणं ऐकलं, दोनदा चहा प्यायला, आणि रविवारी सकाळी मशिदीच्या ओसरीवर सगळ्यांनी जमावं असं सांगितलं. त्याच्या मनात एक युक्ती आली होती. ती कुठून आली हे त्याला कोणी विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. चाळीस वर्षं ज्या आख्यानाला पेटी धरली, त्याचा एकदा तरी उपयोग व्हावा असं त्याला वाटलं असणार.

रविवारी ओसरीवर वीसेक माणसं होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. सिपोराबाईंना भिंतीला टेकून बसायला पाट दिला होता. तो शमुवेलनेच केलेला होता आणि एका बाजूला जरा उतरता होता. मिल्का त्यांच्या शेजारी बसली होती, रागाने. का रागाने हे कोणाला माहीत नव्हतं. मिल्काच्या रागाची चौकशी करायचं आळीने कधीच सोडून दिलं होतं.

एलोजीने खाकरून गळा मोकळा केला. "दोघांचा हक्क सारखा," तो म्हणाला. "आईचे दोन भाग करता येत नाहीत. पण वर्षाचे करता येतात. माझा निवाडा असा. सिपोरावहिनींनी सहा महिने तिकडे बिन्यामिनकडे राहावं, सहा महिने इथे शमुवेलकडे. दर सहा महिन्यांनी विमानाने न्यायचं, विमानाने आणायचं. जिवात जीव आहे तोवर."

ज्या बाईला पेणपर्यंत एस.टी.त बसवलं तर चारदा ओकारी होते, तिला वर्षातून दोनदा समुद्रापार न्यायचं. दुसऱ्या खेपेला ती वाटेतच संपणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एलोजीने तलवारच मागवली होती. आता तो हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला, की कोणता मुलगा ओरडतो. जो ओरडेल तो खरा.

"नको!" बिन्यामिन उठून उभा राहिला. "मुकादम, तिचे असे हाल नकोत. मी हक्क सोडतो. राहू दे दादाकडेच."

आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत शमुवेलही उभा होता. "नको, नको. माझं काही म्हणणं नाही. बिन्याने न्यावी कायमची. पण आईला असं फरफटवू नका."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी एलोजीकडे बघितलं.

एलोजीचं तोंड उघडं राहिलं. बिचाऱ्याच्या एवढं लक्षात आलं नव्हतं, की ज्या आख्यानाला त्याने चाळीस वर्षं पेटी धरली, ते याच दोघांनी लहानपणापासून आईच्या पदराखाली बसून ऐकलं होतं. शलमोनाला एक सोय होती. त्याच्यासमोरच्या बायकांनी शलमोनाची गोष्ट ऐकलेली नव्हती. इथे ओसरीवर बसलेल्या वीस माणसांपैकी एकही असा नव्हता, की ज्याला खरी आई काय म्हणते हे ठाऊक नव्हतं. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी खोकून हसू दाबलं. एलोजीने रुमालाने कपाळ पुसलं. शलमोनाने पुढे काय करावं हे पोथीत नव्हतं.

सिपोराबाई हसल्या नाहीत. त्यांना डोळ्यांनी धूसर दिसे, पण ज्यांना न्हाऊमाखू घातलं त्यांचे खांदे ओळखायला किती दिसावं लागतं? "दादाकडेच राहू दे" म्हणताना बिन्यामिनचे खांदे सैल झाले होते. "बिन्याने न्यावी" म्हणताना शमुवेलचेही झाले होते. डोक्यावरची मोळी उतरवल्यावर होतात तसे. कदाचित खरंच मायेने म्हणाले असतील. असतीलही. आईला वाटेत मरू द्यायची नाही, ही मायाच. पण दोघांनी तिला किती पटकन सोडली! एकाच्याही तोंडून, चुकून, हट्टाने, "माझी आहे, देणार नाही," एवढं निघालं नाही. दोघेही बापासारखे शहाणे निघाले, आणि त्या शहाणपणाने सिपोराबाईंच्या अंगातलं होतं नव्हतं ते बळ गेलं. त्यांना वाटलं, आता कुठेही न्या, कोणीही न्या, नाहीतर या पाटावरच राहू द्या. डोळ्यांतून पाणी आलं नाही, तेवढीही उमेद उरली नव्हती. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

"अर्धी तर अर्धी!"

शेजारून आवाज आला. तो आवाज सकाळच्या आठचा होता. सगळ्यांनी वळून बघितलं. मिल्का उभी होती, पदर कमरेला खोचलेला.

"हे दोगं सोडतात तर सोडू द्या. मी नाय सोडनार. मुकादम, तुमी सा महिनं म्हनालात ना? मला कबूल हाय. माजे सा महिनं मला द्या. आनि ते पावसाळ्याचे द्या. पावसात त्यांचे गुडघे धरतात, फ्लोराला शेकाया येनार नाय. राईचं तेल किती कडवायचं त्ये तिला ठावं नाय."

"मिल्का, खाली बस," शमुवेल म्हणाला.

"का बसू? तुमाला कोनी विचारलं?"

एका म्हाताऱ्याने समजुतीने सांगितलं, "अगं पोरी, निवाड्याची गोष्ट तुला ठाऊक आहे ना? तिच्यात 'कापा, अर्धं द्या' म्हणते ती खोटी ठरते."

"ठरू दे," मिल्का म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता. "खोटी तर खोटी. मी काय पोटची हाय त्यांची, खरी ठराया? माजी आय मी तीन वर्साची असताना मेली. ह्या बाईनं मला बावीस वर्सं रोज शिव्या घातल्या. रोज. एक दिस चुकला नाय. आता उद्या सकाळी मी कुनाशी भांडू? सगळी आळी चालली, चालू दे. माजी सासू मी देनार नाय. निम्मी द्यायची असंल तर निम्मी द्या, पन माजी निम्मी मी घेऊनच जानार."

आणि ती बसली. बसताना पाटाला धक्का लागला, आणि सिपोराबाई एका बाजूला कलल्या. मिल्काने त्यांना दंडाला धरून सरळ केलं आणि "नीट बसा की," म्हणून डाफरली.

बिन्यामिन खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. शेवटी एलोजी म्हणाला, "वहिनी, माझ्याने काही होत नाही. तुम्हीच सांगा."

सिपोराबाईंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्या मशिदीच्या ओसरीवर पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलत होत्या, आणि आवाज फार लहान निघाला. "मुकादम, शलमोनानं त्या पोराला इचारलं नाय, कारन ते तान्हं होतं. मला दात नाय, पन बोलता येतंय. माजी दोनी पोरं गुनाची हायत. दोगांनी मला वाचवली. आता त्यांना जाऊ दे आपापल्या कामाला." मग मिल्काकडे बोट करून म्हणाल्या, "मी हिच्याकडं राहीन. ही चिरा म्हनाली."

बिन्यामिन जुलैत गेला. आळीच्या तोंडाशी आईच्या पायावर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. सिपोराबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतरांना म्हणत ते चार शब्द त्याला म्हटले नाहीत. काय म्हणाल्या ते कोणाला ऐकू गेलं नाही. शमुवेल सामान घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत गेला.

त्या आणि नंतरच्या खिरीच्या सणाला कीर्तन झालं नाही. इसाकजीनंतर जो कीर्तनाला उभा राही तोही इस्रायलला गेला होता, आणि एलोजीने त्या दिवसानंतर पेटी उघडली नाही. सिपोराबाई आणखी सहा वर्षं जगल्या. राजांवर बोलणं त्यांनी हळूहळू कमी केलं. कोणी शलमोनाचं नाव काढलंच तर म्हणत, "शानां होता बिचारा," आणि विषय सोडून देत.

पण बिन्यामिन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. हौसा पाटी घेऊन दारात आली. पाऊस लागलेला होता, खाडीची बोई होती, चांगली हातभर. मिल्काने रीतीप्रमाणे एक खवला उपटला आणि ओटीवर बसलेल्या सासूच्या तळहातावर आपटला. "घ्या. बगा. पटलं?"

सिपोराबाईंनी तो बोटांत धरला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याला एकच गोष्ट विचारली होती, की ती 'चिरा' म्हणणारी बाई पुढे कुठे गेली. इसाकजीने वर जाऊन कोणाला विचारलं असेल नसेल, त्यांना आता विचारायची गरज उरली नव्हती. ती बाई घरी गेली होती. दारात उकिडवी बसून विळीवर मासा साफ करत होती, आणि पाठमोरीच ओरडत होती, की उत्तर द्या लवकर, माझी आमटी खोळंबलीय.

"बारीक हाय," सिपोराबाई म्हणाल्या.